सोड्याचा सिलिंडर आणि तळ्यातलं लाल रोप

मी सिलिंडर आहे, पण तुमच्या स्वयंपाकघरातला तो लाल, बुटका गडी नव्हे. माझा रंग काळा, अंग सडपातळ, उंची माणसाच्या गुडघ्याहून थोडी जास्त. माझ्या पोटात स्वयंपाकाचा गॅस नसतो, कार्बन डाय-ऑक्साइड असतो. तुम्ही श्वास सोडता तेव्हा बाहेर पडतो तोच. तुम्ही नको म्हणून टाकून देता आणि मी जपून ठेवतो.

माझा जन्म भट्टीत झाला. पोलादाचा एक गोळा लालभडक होईपर्यंत तापवला, ओढून लांब केला, तोंडाकडे मिटवत आणून खांदे काढले, मान काढली. अंगावर सांधा कुठेच नाही. मग पोटात पाणी भरून असा दाब दिला की शेजारचा एक भाऊ कण्हला आणि बाद झाला. मी टिकलो. माझ्या खांद्यावर ठोकून नंबर घातला आणि तारीख घातली. ही परीक्षा मला दर पाच वर्षांनी द्यावी लागते. तुमची पोरं दहावीला एकदा घाबरतात. मी आयुष्यभर घाबरत आलो.

तिथून मी आलो अकोटला, अब्दुल रहीम यांच्याकडे.

त्यांचा गोटी सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, बाटल्या उलट्यासुलट्या फिरवणारं एक यंत्र, पाण्याचं टाकं आणि ओली फरशी. मोठे सिलिंडर यंत्राला जोडलेले असायचे. मी लहान, म्हणून माझी नेमणूक हातगाडीवर झाली. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंग मिलसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागे. घशात कापसाची धूळ गेलेली माणसं आमच्या हातगाडीशी येत, लिंबू-मीठ टाकलेला सोडा एका दमात पीत आणि डोळे मिटून मोठ्यानं ढेकर देत. त्या ढेकरेत माझा वाटा असायचा. मला फार बरं वाटायचं.

अब्दुल रहीम रोज सकाळी मला दोन्ही हातांनी उचलून पाहत. दाबाच्या काट्याकडे बघतसुद्धा नसत.

"काट्यावर नको जाऊ," ते त्यांच्या बायकोला, नसीमबानोंना, सांगत. "आत चमचाभर राहिला तरी काटा तिथंच उभा रायते. अन मंग एकदम बसते. वजन करून पाह्य."

नसीमबानो बाटल्या धूत. धुताना एक बाटली दुसरीवर हलकेच वाजवत आणि आवाजावरून तडा गेलेली बाजूला काढत. त्यांच्या हातून तडकलेली बाटली कधी गिऱ्हाइकापर्यंत गेली नाही.

मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. गोटी दाबायला लोकांना वेळ उरला नाही. अब्दुल रहीम यांचे गुडघे गेले, मुलगा जुबेर यानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान घातलं, यंत्र कुणीतरी उचलून नेलं. मी मात्र मागच्या खोलीत रिकाम्या पोत्यांखाली पडून राहिलो. माझ्या मानेभोवती एका पालीनं संसार केला. दोन वर्षं मला कुणी उचलून पाहिलं नाही.

एका दुपारी पोती बाजूला झाली आणि एक बाई माझ्यासमोर उकिडवी बसली. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याला एका बाजूनं दोरा बांधलेला. तिनं आधी माझ्या खांद्यावरची धूळ पदरानं पुसली आणि तारीख वाचली.

"चाचा, याची टेस्ट कराव लागते," ती म्हणाली.

अब्दुल रहीम हसले. "आजवर गिऱ्हाईक आलं तं पहिले भाव इचारते. तू तारीख इचारली. काय करतं बेटी तू?"

ती प्रियदर्शनी तायडे. अमरावतीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. एकोणीस वर्षं तिनं काचसामान धुतलं, विद्यार्थ्यांसाठी पानं-फुलं गोळा करून आणली आणि सुट्टीत कुंड्यांना पाणी घातलं. प्राध्यापक बदलत गेले. ती तिथेच राहिली. तिचा नवरा देवीदास एसटीत वाहक. अकोटच्या फेरीवर असताना त्यानं कधीकाळी हा सोडा प्यालेला, त्यानंच तिला पत्ता दिला होता.

तिनं चहा घेता घेता आपलं काम सांगितलं, आणि मी मागच्या खोलीतून ऐकलं.

तिचं माहेर नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. गावाबाहेर एक उथळ तळं होतं. त्यात पावसाळ्यानंतर बोटाएवढं उंच, लालसर, नाजूक पानांचं रोप उगवायचं. गावात त्याला नाव नव्हतं, कारण ते ना गुरं खात ना माणसं. तिचे वडील किसनराव यांनी एक दिवस फोन केला. रस्ता रुंद होत होता आणि तळ्यात मुरूम टाकणं सुरू झालं होतं.

"बाबानं निस्तं सांगतलं, तुयं ते लाल गवत चाललं आता," प्रियदर्शनी म्हणाली. "मी त्याच दुपारी गेली. निम्मं तळं भरून गेलं होतं. स्टीलच्या डब्यात जेवढं मावलं तेवढं आणलं. सोबत तिथलेच नऊ मासे."

तिनं ते रोप ढोमणे सरांना, म्हणजे विभागप्रमुख गोवर्धन ढोमणे यांना दाखवलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं, पुस्तकं काढली आणि सांगितलं की फूल आल्याशिवाय याचं नाव नक्की होणार नाही. कदाचित हे कुठेच नोंदलेलं नसेल. सरांचे डोळे चमकले. त्यांनी प्रयोगशाळेतली जुनी चार फुटी काचेची टाकी वापरायची परवानगी दिली. पण टाकीत रोप वाढेना. पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळू लागली. प्रियदर्शनीनं माती बदलली, दिवा बदलला, वाचलं, विचारलं. शेवटी कळलं की तळ्याच्या चिखलातून या रोपाला जो गॅस मिळत होता, तो टाकीतल्या पाण्यात नाही.

"म्हणजे माया गॅसवर तू गवत वाढवणार?" अब्दुल रहीम यांनी विचारलं.

"हो चाचा."

त्यांनी मला उचललं, सवयीनं वजन पाहिलं, आणि तिच्या हाती दिलं. "घेऊन जाय. इथं पालीले सांभाळून राहिला हा."

परीक्षा देऊन, नव्यानं भरून मी अमरावतीला आलो. माझ्या मानेवर रेग्युलेटर बसला. त्यावर विजेनं उघडणारी एक झडप आणि गॅस कमी-जास्त करायची बारीक फिरकी. फिरकीपासून एक नळी टाकीत गेली आणि तळाशी चिनी मातीच्या चकतीतून माझा गॅस बारीक बुडबुड्यांनी पाण्यात उतरू लागला. भिंतीवरच्या टायमरनं सकाळी नऊला झडप उघडायची, चारला बंद करायची. पाण्यात एक काचेचा फुगा टांगला होता. त्यातलं औषध निळं असेल तर गॅस कमी, हिरवं असेल तर बरोबर, पिवळं झालं तर जास्त.

पहिल्यांदा मीच दगा दिला. महिनाभर पुरायचा तो मी आठ दिवसांत रिकामा झालो. ढोमणे सर म्हणाले, सिलिंडरच जुनाट आहे. प्रियदर्शनीनं मला पुन्हा भरून आणलं, वाटीत साबणाचा फेस केला आणि ब्रश घेऊन बसली. प्रत्येक सांध्यावर फेस लावायचा आणि शंभर आकडे मोजेपर्यंत बघत राहायचं. घाई नाही. मी पुष्कळ माणसं पाहिली, पण न हलता शंभर आकडे मोजणारी फार थोडी. तिसऱ्या सांध्यावर, माझ्या मानेपाशीच, फेसाचा एक मोहरीएवढा फुगा हळूहळू फुगू लागला. तिनं तिथं पांढरी टेप गुंडाळून आवळलं. फुगा पुन्हा आला. मग तिनं अकोटला फोन लावला.

"टेप कायले लावतं तिथं?" पलीकडून अब्दुल रहीम यांचा आवाज आला. "तिथं आट्यानं नाई अडत गॅस, वायसरनं अडते. वायसर चपटा झाला असन. नवा टाक, अन हातानं जेवढा बसन तेवढा बसव, मंग पान्यानं थोडाकच."

नवा वॉशर पडला आणि गळती थांबली. त्या दिवसापासून मी दीड महिना पुरलो. रोपाला नवी पानं फुटली. शेंड्याकडे ती लाल व्हायला लागली तशी प्रियदर्शनी रोज जेवणाचा डबा टाकीसमोर बसून खाऊ लागली.

मग मे महिना आला. अमरावतीचा मे तुम्हाला सांगायला नको. महाविद्यालयाला सुट्टी, प्रयोगशाळा बंद, वरचं छप्पर तापलेलं. माझ्या पोटातला गॅस उष्णतेनं असा तडफडू लागला की दाबाचा काटा पार शेवटच्या खुणेकडे सरकला. सुट्टी असूनही ती रोज दहाच्या सुमाराला यायची आणि एकपर्यंत थांबायची. तोंडाला दुपट्टा बांधून, हातमोजे चढवून, स्कूटीवरून. काटा पाहून तिनं मला पश्चिमेच्या खिडकीजवळून हलवलं, आतल्या कोपऱ्यात ठेवलं आणि भोवती ओलं पोतं गुंडाळलं. पुढच्या वेळी गॅस थोडा कमीच भरून आणला. हेही अब्दुल रहीम यांनीच सांगितलेलं. काटा खाली आला. मला वाटलं, उन्हाळा निभावला.

पण खरी आपत्ती पुढे होती.

एका सकाळी ती आली तर मासे पाण्याच्या वरच्या कडेला येऊन तोंडं उघडत होते. दुसऱ्या दिवशी एक मासा उलटा तरंगत होता. तिसऱ्या दिवशी आणखी दोन. नवल असं की टाकीत एकही बुडबुडा दिसत नव्हता. तिला वाटलं गॅसच येत नाही, म्हणून तिनं चकती काढून धुतली, नळी फुंकून पाहिली, फिरकी थोडी जास्त उघडली. बुडबुडा नाही. आणि काचेच्या फुग्यातलं औषध मात्र पिवळं धमक.

गॅस येत नाही, आणि गॅस जास्त झालाय. दोन्ही एकाच वेळी कसं?

तिनं ढोमणे सरांना फोन केला. ते घरून आले. त्यांनी मेलेले मासे पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा कडक झाला.

"प्रियदर्शनी, हा सोड्याचा गॅस आहे. यात काय भेसळ असेल कोण जाणे. मासे विषानं मरताहेत. आजच्या आज हे बंद करा आणि तो सिलिंडर परत देऊन टाका."

"सर, बंद केलं तर रोप जाईन."

"आणि ठेवलं तर सगळंच जाईल. मासे मेले ते तुमच्या डोळ्यांसमोर आहेत ना?"

एकोणीस वर्षांत तिनं सरांसमोर आवाज चढवला नव्हता. आताही ती हळूच म्हणाली, "सर, मले दोन दिवस द्या. कोन्त्या कारणानं होऊन राहिलं ते कळल्याबिगर मी त्या माणसाले कसं सांगू, की तुमचा गॅस खोटा हाय?"

सरांनी दोन दिवस दिले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनाही ते रोप हवं होतं, कदाचित तिच्याहून जास्त घाईनं.

तिनं अकोटला फोन केला. शब्द जपून जपून वापरले, पण अब्दुल रहीम यांना समजायचं ते समजलं.

"उद्या येतो," एवढंच ते म्हणाले.

सत्तरी गाठलेला, गुडघ्यांनी अधू माणूस पहाटेच्या एसटीनं अंजनगावमार्गे निघाला आणि साडेदहाला प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढला. हातात पिशवी. पिशवीत त्यांचा जुना पितळी रेग्युलेटर, जाड काचेची एक बाटली, नळीचा तुकडा आणि बसस्थानकासमोरच्या रसवंतीतून घेतलेला बर्फ. ढोमणे सरही आले होते. प्रियदर्शनीनं खुर्ची पुढे केली. अब्दुल रहीम बसले नाहीत.

ते थेट माझ्याकडे आले. मला अकोट सोडून काही महिने झाले होते. त्यांनी मला उचलून पाहिलं. "पोट भरेल हाय," ते म्हणाले. मग टाकीचा रेग्युलेटर उतरवला, आपला पितळी चढवला, बाटलीत बर्फाचं पाणी भरलं, नळी तळापर्यंत घातली आणि माझी झडप सोडली. पाणी खदखदलं. त्यांनी तोंडावर अंगठा दाबून बाटली हलवली, पुन्हा गॅस दिला, पुन्हा हलवली. लय तीच होती, गाडीवरची.

मग त्यांनी सरांकडे पाहत ती बाटली अर्धी पिऊन टाकली.

"साहेब," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी हा गॅस लोकाइले पाजला. गरवार बाया मळमळते म्हणून पीत होत्या. मायी नसीमबानो आजारी होती तवा दुसरं काई तिच्या पोटात टिकत नव्हतं, सोडा टिके. हा गॅस खोटा रायता तं मले झोप आली नसती."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हात पुढे केला आणि उरलेली अर्धी बाटली घेतली. एक घोट घेतला, दुसरा घेतला. त्यांना जोराची ढेकर आली आणि ते लाजले. अब्दुल रहीम त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

मी लोखंडाचा आहे. मला रडू येत नाही. पण त्या दिवशी माझ्या अंगावर जे थेंब जमले ते केवळ गॅस सुटल्यामुळे आलेल्या गारव्याचे होते, असं मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

"आता सांग बेटी," अब्दुल रहीम खुर्चीत टेकत म्हणाले. "गॅस साफ हाय. माया रेग्युलेटरमधून भसाभस येते. मंग तुया यंत्रातून दिवसा काहून नाई येत?"

दिवसा. प्रियदर्शनीनं तो शब्द उचलला.

ती उठून टाकीसमोर उभी राहिली. मी तिचा चेहरा पाहत होतो. साबणाच्या फेसाकडे बघतानाचा तोच चेहरा. ती स्वतःशीच बोलू लागली. "मी इथं असतो तवा बुडबुडा नाई. सकाळी औषध पिवळं. म्हणजे गॅस येते, पण मी नसतो तवा येते." तिनं टाकीच्या झडपेची वायर बोटात धरली आणि वायरीबरोबर चालू लागली. वायर कपाटामागे गेली. तिनं कपाट दोन हातांनी ढकललं. सरांनी दुसऱ्या बाजूनं हात लावला. मागे, जळमटांत, भिंतीवरच्या बोर्डात तो टायमर बसवलेला होता.

तिनं मोबाइलचा टॉर्च लावला आणि पाहिलं. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग पुन्हा टायमर.

बाहेर सकाळचे अकरा वाजले होते. टायमरच्या चकतीवर रात्रीचे दोन.

"अवं माय," ती म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसली.

सरांच्या लक्षात आलं नाही. तिनं समजावून सांगितलं. तो टायमर विजेवर फिरतो. वीज गेली की थांबतो, आली की थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. गेले पाच-सहा दिवस रोज दीड-दोन तास वीज जात होती. दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर होता, म्हणून कुणाला काही कळलं नाही. टायमर मात्र साध्या लाइनवर. तेव्हापासून तो रोज थोडा थोडा मागे पडत गेला आणि आता पुरे नऊ तास मागे होता. सकाळी नऊला सुरू व्हायचा गॅस संध्याकाळी सहाला सुरू होत होता आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर बंद. अंधारात झाडं हा गॅस घेतच नाहीत. मासे बिचारे त्यात कोंडले.

"अन मी," ती म्हणाली, "मी दिवसा बुडबुडा नाई म्हणून फिरकी उघडत गेली. जेवढी उघडली तेवढा रातच्याले जास्त गॅस गेला. तीन मासे मी मारले, चाचा. तुमच्या गॅसनं नाई."

मी त्या प्रयोगशाळेत पुष्कळ हुशार माणसं पाहिली. चूक सापडल्यावर आपलं नाव त्यातून अलगद काढून घेणं त्यांना छान जमायचं. वीज मंडळावर टाकता आलं असतं, टायमर बनवणाऱ्यावर टाकता आलं असतं. तिनं सगळ्यात आधी स्वतःचा वाटा मोजून घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितला. मला ती त्या क्षणी फार मोठी वाटली.

ढोमणे सर अब्दुल रहीम यांच्यासमोर जाऊन म्हणाले, "माझं चुकलं. पाहिल्याशिवाय बोललो."

"होते साहेब," अब्दुल रहीम म्हणाले. "तुमी पेले ना? बस झालं."

तिनं त्याच दुपारी निम्मं पाणी बदललं, टायमर दिव्याच्याच लाइनवर घेतला, चकती घड्याळाशी जुळवली आणि फिरकी सेकंदाला एक बुडबुडा इतकी बारीक केली. दुसऱ्या दिवशी औषध हिरवं झालं. उरलेले सहा मासे तळाशी फिरायला लागले. पुढे रोज आल्या आल्या ती पर्स ठेवायच्याही आधी टायमर आणि मनगट एकत्र पाहायची.

पावसाळ्यात रोप दाटलं. तिनं पाण्याची पातळी थोडी थोडी उतरवली, तसे शेंडे पाण्याबाहेर आले. ऑक्टोबरच्या एका सकाळी पानांच्या बेचक्यात बाजरीच्या दाण्याएवढी गुलाबी फुलं उमलली होती. प्रियदर्शनीनं भिंग लावलं, आणि भिंग तसंच धरून बराच वेळ हललीच नाही.

सरांनी फुलासकट नमुना दाबून, वाळवून पुण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवला. महिन्यानं उत्तर आलं. रोप नवं नव्हतं. विदर्भात दुसरीकडे पूर्वी नोंदलेलं होतं. फक्त या तालुक्यात कुणी नोंदलं नव्हतं, एवढंच.

सरांनी पत्र टेबलावर ठेवलं. ते फार खट्टू झाले होते. "एवढं करून शेवटी साधंच निघालं हो," ते म्हणाले.

"साधं असू द्या सर," प्रियदर्शनी म्हणाली. "आमच्या गावचं हाय ना? तिथं आता एकही उरलं नाई. सारं या टाकीत हाय."

आणि मग तिनं ते केलं, ज्यासाठी मी तिला सगळ्यात जास्त मानतो. नाव मिळालं, काम संपलं असं तिला वाटलंच नाही. दोन वर्षं ती रोपाच्या काड्या तोडून लावत राहिली, टाकीचे दोन टब झाले, टबांची दहा घमेली. गावच्या खालच्या अंगाला गावतलाव खोल केला होता. त्याची एक कड उथळ ठेवावी म्हणून किसनराव ग्रामपंचायतीत चार वेळा जाऊन बसले. "माया पोरीचं गवत लावाचं हाय," असं ते सांगायचे आणि लोक हसायचे. शेवटी कड उथळ राहिली. पाऊस सरल्यावर बापलेकीनं चिखलात उभं राहून ती घमेली रिकामी केली. हे मला तिच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. मी तिथं नव्हतो. मी टाकीशी होतो, पोटात थोडा गॅस घेऊन.

आता मी अकोल्यात आहे. माझ्या खांद्यावरची तारीख पुन्हा उलटली, म्हणून तिनं मला परीक्षेला आणलं. कालच परीक्षा झाली. आतून गंज लागलाय, भिंत पातळ झालीय. इथल्या माणसानं टॉर्च पोटात घालून पाहिलं आणि मान हलवली. नियम असा की बाद सिलिंडर पुन्हा कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून कापून टाकायचा. नियम चांगला आहे. मी त्याच्यावर रागावलेलो नाही.

प्रियदर्शनी आज सकाळी कागदावर सही करायला आली. सही केली, आणि माझ्याशेजारी उभी राहून अकोटला फोन लावला.

"चाचा, नापास झाला तो."

पलीकडून अब्दुल रहीम यांचा आवाज, आता फार बारीक झालेला. "चांगला चालला पण. दुसरा पाह्यजे का तुले? मी जुबेरले सांगतो, पाहीन कुठं."

"नको चाचा," ती म्हणाली. "आता नाई लागत. बाबा काल तलावावर गेले होते. आपण लावलं होतं त्याच्या पार पलीकडच्या काठाले आपोआप उगून राहिलं म्हणते. लाल लाल. तिथं कोणी गॅस देऊन राहिला का?"

चाचा हसले. ती पण हसली. तिनं माझ्या खांद्यावर, नंबर ठोकलेल्या जागी, तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

मी आयुष्यात लोकांना हवाहवासा वाटलो, नकोसा वाटलो, खोटाही ठरलो. पण "आता नाई लागत" हे इतक्या आनंदानं मला कुणी म्हटलं नव्हतं. तुमच्या घरच्या टाकीत मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर माझ्या एखाद्या भावाला घराबाहेर काढण्याआधी एवढं करा. खाली बसा, वायर धरा, तिच्यासारखं शंभरपर्यंत मोजा.

कापणारा माणूस चहा पिऊन आला. त्यानं हातमोजे घातले. आता निरोप द्या मला.